सांतानचे घर

पुस्तकावर टीका लिहिणाऱ्याला एक सोय असते. पुस्तक घरी आणता येते, उशाशी ठेवता येते, आणि न आवडलेले पान पुन्हा उघडून आपला राग रास्त होता की नव्हता ते पाहता येते. इमारतीच्या बाबतीत तसे नाही. ती जिथे आहे तिथे आपण जावे लागते, पाहता पाहता पाऊस आला तर भिजावे लागते, आणि सोबत माणसे असतील तर त्यांच्या घाईने पाहावे लागते. ज्या चर्चविषयी मी लिहिणार आहे ते मी असेच पाहिले. भर पावसात, धाकट्या बहिणीच्या मागे मागे, हातात दोन तवशी घेऊन.

चर्च गोव्यात, तिसवाडी तालुक्यातल्या तळावली या खेड्यात आहे. मी गोंडपिपरीचा. वर्धा आणि वैनगंगा यांच्या बेचक्यातले हे गाव. पुढे या दोन्ही नद्या मिळून प्राणहिता होते. इथून गोव्याला जायचे म्हणजे आधी बल्लारपूर गाठायचे आणि मग गाड्या बदलत, दोन रात्री बाकावर काढत समुद्राकडे सरकायचे. एवढा प्रवास मी केवळ एका चर्चसाठी केला असे म्हटले तर ते खोटे होईल. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला चित्रकलेचा मास्तर. कादंबऱ्या लिहितो तरी रजा मात्र मोजून घेतो. गेलो तो बहिणीच्या बोलावण्यावरून.

बहिणीचे यजमान वास्कोच्या बंदरात नोकरीला आहेत. लग्नाला नऊ वर्षे झाली, घरात पाळणा हलला नाही. डॉक्टर झाले, औषधे झाली. माहेरी आली की ती आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून मार्कंड्याला जाई, नदीत पाय बुडवी आणि देवळापुढे बराच वेळ उभी राही. मृकंडू ऋषीला मूल नव्हते, त्याने तप केले आणि त्याला मार्कंडेय झाला, ही कथा आमच्याकडच्या प्रत्येक बाईला पाठ असते. मार्कंड्याने काही दिले नाही. मग वास्कोच्या शेजारणीने तिला सांगितले, ‘‘ताई, तळावलीला सांतानकडे जा. नावातच संतान आहे की!’’ सांत आना म्हणजे संत ॲना, मेरीची आई, येशूची आजी. कोकणीत तिची सांतान झाली. पोर्तुगीज संतिणीच्या नावात मराठी बाईला आपले मागणे ऐकू यावे, हा भाषेने केलेला एक गोड अपघात. बहिणीने फोन केला : ‘‘दादा, तू ये. तुला जुन्या इमारती पायला आवडते न?’’ इमारत हे निमित्त होते. यजमान नवसाला येणार नव्हते आणि तिला एकटीने जायचे नव्हते. नवसावर माझाही विश्वास नाही, हे तिला ठाऊक आहे. पण भाऊ विश्वास ठेवत नसला तरी पिशवी धरतो.

सांतानचा सण जुलैच्या अखेरीस येतो. संत ॲनेचा दिवस २६ जुलै. या सणाला ‘तवशाचें फेस्त’ म्हणतात, म्हणजे काकडीची जत्रा. ज्यांना मूल हवे ते तवसे वाहतात. लग्न ठरत नसलेले तरुण चमचा आणतात, मुली उडीद आणतात. हे असे का, याचा मी पुष्कळ विचार केला, आणि उत्तर मिळाले ते व्याकरणाच्या मास्तरालाच आवडेल असे. पोर्तुगीज भाषेत काकडीला पेपिनु म्हणतात आणि मुलाला मेनिनु. चमच्याला कुल्येर, बायकोला मुल्येर. उडीद आणि नवऱ्याला मारिदु. सारा नवस यमकावर चालला आहे! देवाशी बोलताना यमक जुळवावे, म्हणजे तो लवकर ऐकेल, ही समजूत आपल्या ओव्या रचणाऱ्या बायांचीच की. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने याच मुलखात राहून ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. त्यालाही हेच उमगले असले पाहिजे, की इथल्या माणसाच्या गळ्यात देव उतरायचा तर तो छंदातूनच उतरेल.

असो. वाचक म्हणतील, मास्तर काकडीत अडकले, चर्च कुठे आहे? चर्च पहिल्या दर्शनी मला आवडले नाही. हे आधीच सांगून टाकतो.

भाताच्या खाचरांतून, माडांच्या राईतून रस्ता येतो. लाल कौलांची बुटकी घरे, पावसाने काळवंडलेली कुंपणे, आणि एकदम समोर हा पाच मजली पांढरा डोंगर. दोन बाजूंना दोन चौकोनी मनोरे, मध्ये तेवढ्याच उंचीने चढत गेलेला दर्शनी भाग. खेडे एवढेसे आणि त्याचे तोंड एवढे मोठे! लहानशा डोक्याच्या पाटलाने थोरल्या आजोबांचा फेटा बांधावा तसे ते मला वाटले. मी पिशवी बहिणीच्या हाती दिली, छत्री मानेत धरली आणि वहीत रेघा ओढायला लागलो. माझा एक अनुभव आहे. न आवडलेली इमारत हाताने काढून पाहावी. डोळ्याने केलेला अन्याय पेन्सिल बहुधा दुरुस्त करते.

पेन्सिलीने पहिली गोष्ट दाखवली ती अशी. मनोऱ्यांचे मजले आणि मधल्या भागाचे मजले एकाच ओळीत आहेत. आडव्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता धावतात. सामान्यतः मनोरा म्हटला की तो बाजूला उभा राहून ‘मी निराळा’ असे म्हणतो. इथे मनोरे मधल्या भिंतीचा हात सोडत नाहीत. त्यामुळे उंची आहे पण टोचणारी नाही. खिडकीवर खिडकी, अर्धखांबावर अर्धखांब, असे मजले पाढ्यासारखे एकाखाली एक लिहिलेले. यात थोडा कंटाळा आहे हे खरे. तिसऱ्या मजल्यापाशी मला वाटले की आता कारागिराने काही नवे म्हणावे. पण पाढ्यात नवे काही म्हणायचे नसते. दुपारी पाऊस थांबून तिरपे ऊन पडले तेव्हा त्या पट्ट्यांच्या खाली काळ्याभोर सावल्यांच्या रेघा उमटल्या आणि सारी भिंत एकदम बोलू लागली. ही वास्तू उन्हासाठी आखलेली आहे. मी तिला पावसात जोखत होतो, तो माझा दोष.

दुसरी गोष्ट समजायला वाचन लागले. हे रूप तळावलीने आपल्या मनाने काढलेले नाही, असे जाणकार सांगतात. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांचे कृपामाउलीचे एक प्रचंड चर्च होते, त्याचा हा कित्ता. त्या मूळ चर्चची गोष्ट वाईट आहे. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघांना घालवून दिले. मठ ओस पडला. १८४२ साली छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. आता चिऱ्यांचा एक उघडा सुळका उरला आहे, साधारण ४६ मीटर उंचीचा. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. मूळ इमारत राजधानीत होती, श्रीमंत संघाची होती, आणि ती गेली. तिचा कित्ता खेड्यात होता, खेड्याचा होता, आणि तो उभा आहे. रविवारी तिथे लोक येतात, पावसाळ्याआधी छपरावर चढून फुटकी कौले बदलतात, आणि जुलैत काकड्या घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात. खुद्द आमच्या हातातल्या त्या दोन तवशांचा या भिंतीशी संबंध आहे, हे मला या तुलनेने पटले. संघ हद्दपार करता येतो. मूल मागणाऱ्या बायांना कोण हद्दपार करणार?

मग हे कोणी बांधले? आपल्याकडे याचे उत्तर तयार असते : ‘पोर्तुगीजांनी.’ माझ्या शाळेतली मुलेही तेच म्हणतील, आणि गोव्याची सहल करून आलेले शिक्षकही. परंतु तळावलीचे काम हाती घेतले ते फ्रान्सिस्को दु रेगु या गोमंतकीय धर्मगुरूने, आणि ते पुरे झाले १६९५ साली. पैसा गावचा. गोव्यात गावकरी नावाची फार जुनी संस्था आहे. पोर्तुगीजांनी तिचे नाव कोमुनिदाद केले. गावची जमीन सामाईक, तिच्या उत्पन्नातून बांध, वाटा आणि देऊळ. धर्म पालटल्यावर देवळाच्या जागी चर्च. हात इथल्याच गवंड्यांचे, दगड इथलाच जांभा. मग त्यात पोर्तुगीज ते काय राहिले? थोडे व्याकरण राहिले. वाक्ये गावाची.

पावलु व्हारेला गोमेस या पोर्तुगीज इतिहासकारानेच हे ठासून सांगितले आहे. ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’ हे त्याचे पुस्तक २०११ साली आले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते जमेल तेवढे वाचले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की गोव्याची चर्चे ही युरोपातल्या वास्तूंची वसाहतीत उतरलेली फिकी प्रत नव्हे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने स्वतःच्या अभिमानातून स्वतःसाठी घडवलेली ती वेगळी परंपरा आहे. त्याच्याआधी आपल्या गोव्याच्या जुझे परैरा यांनी १९९५ सालच्या ‘बरोक गोवा’ या ग्रंथात याला भारतीय बरोक म्हणून मान दिला होता. परैरा भारावून लिहितात, गोमेस शंका घेत लिहितो. मला गोमेस अधिक पटला, कारण तो इमारतीच्या मागे उभ्या असलेल्या माणसांची भांडणे पाहतो.

भांडणे होती. तळावलीतच १६६४ साली जन्मलेला आंतोनियु जुआंव द फ्रियस नावाचा एक धर्मगुरू होता. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १७०२ साली लिस्बनमध्ये त्याचा एक ग्रंथ निघाला, आपल्या ब्राह्मण वंशाची थोरवी गाणारा. अकरा वर्षांनी लिओनार्दु पाइश नावाच्या चार्डो समाजातल्या, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या, धर्मगुरूने तितकाच जाडजूड ग्रंथ छापून त्याला उत्तर दिले. धर्म बदलला, भाषा बदलली, लिस्बनच्या छापखान्यात ग्रंथ गेले, पण जात जिथल्या तिथे! वाचून मी हसलो आणि मग हसू थांबले. आमच्या गावच्या पंगतीत मी काय पाहतो ते आठवले. हा अभिमान त्या पाच मजल्यांतही आहे असे मला वाटते. राजधानीतल्या गोऱ्या संन्याशांचे चर्च जेवढे, तेवढे आमचे. खेड्याच्या मानाने तोंड मोठे का, याचे उत्तर इथे आहे. ते तोंड खेड्याकडे पाहत नाही, राजधानीकडे पाहते.

हाच फ्रियस शिल्पज्ञही होता. त्याचे काम पाहावे म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. तिथल्या टेकडीवर पियेदादचे, म्हणजे करुणामाउलीचे, चर्च आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात ते नव्याने उभारले गेले आणि त्याची आखणी फ्रियसची. तळावलीनंतर ते पाहणे म्हणजे दीर्घकाव्यानंतर अभंग वाचणे. इथे तोंड आणि अंग यांचे प्रमाण जुळले आहे. टेकडीचा उतार, त्यावर पांढरी भिंत, खाली मांडवीचे पाणी आणि खाजणे. जागेने दिलेली उंची कारागिराने पुन्हा मागितलेली नाही. टीकाकार म्हणून दोहोंतून एक निवडायला सांगितले तर मी दिवाडी निवडीन. बहीण तळावली निवडील, आणि तिच्या निवडीला माझ्या निवडीपेक्षा कारण जास्त आहे.

दिवाडीला मात्र एक गोष्ट झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली तिसवाडीतली देवळे पाडली गेली, तेव्हा तेही गेले. भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेले, आणि तिथले देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी बांधून काढले. त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. बेटावरचा गणपती असाच खांडोळ्याला गेला. चर्चच्या दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलमध्ये कदंबकाळातले कोरीव दगड आहेत. मी त्या नक्षीखाली उभा राहिलो. बाहेर ख्रिस्ती थडगी, आत हिंदू कमळे. मनात राग यावा अशी जागा, राग आलाही. पण मग प्रश्न पडला की तो कोणावर धरायचा. देऊळ पाडणाऱ्या सत्तेचा त्या मेलेल्या माणसांशी काय संबंध? ती याच बेटावरची. त्यांच्या पणज्यांनी कदाचित याच कमळांखाली डोके टेकले असेल. देव नदीपलीकडे गेला, माणसे अलीकडे राहिली, आणि राहिलेल्या माणसांना डोके टेकायला काही तरी लागते. फ्रियसची भिंत सुंदर आहे असे म्हणताना तिच्या पायाखाली काय आहे हे मी विसरत नाही. आणि पायाखाली काय आहे हे माहीत असूनही ती भिंत कुरूप होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिथे मी बराच वेळ घालवला, आणि बहीण फेरीच्या धक्क्यावर माझी वाट पाहत चणे खात बसली.

आता पुन्हा तळावलीला, आणि आत. बाहेरून पाच मजले मोजून आत शिरलेल्याला वाटते की आतही मजले असतील. आत एकच दालन आहे. मध्ये खांब नाहीत, वर पिंपासारखे अर्धगोल छत, आणि समोर वेदी. आपल्या देवळाची सवय झालेल्या माणसाला हे उलटे वाटते. मार्कंड्याचे मुख्य देऊळ बाहेरून पाहावे. भिंतीवर थरावर थर मूर्तींचे, बोट ठेवायला मोकळी जागा नाही. आत गेलात की अंधार, ओलावा आणि एक दिवा. आपल्या देवळात गर्दी दगडाची असते, आणि गाभाऱ्यात एकेकानेच जायचे. इथे दगड मोकळा आणि गर्दी माणसांची. देऊळ हे देवाचे घर. चर्च ही माणसांची बैठक. देवळाला बाहेरून प्रदक्षिणा आहे, म्हणून त्याला चारी अंगे सजवावी लागतात. चर्चला प्रदक्षिणा नाही, म्हणून ते एकाच अंगाने नटते. दोन्हींत आपापले शहाणपण आहे, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणारा टीकाकार दोन्हीकडे चुकतो. मी दारात तेच करत होतो.

या चर्चची सर्वांत चांगली कल्पना मात्र दिसतच नाही. त्याच्या भिंती पोकळ आहेत. जाड भिंतीच्या पोटातून माणूस चालत जाईल असे मार्ग ठेवले आहेत, आणि त्यांतून पाद्री पापनिवेदनाच्या जागेपर्यंत पोचतो. सांगणारा दालनाच्या बाजूने येतो, ऐकणारा भिंतीतून. मला ही योजना मोठी कवित्वाची वाटली. गावातली प्रत्येक भिंत ऐकते, अशी आपली तक्रार असते. इथे भिंतीला ऐकण्यासाठीच बांधले आहे, आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याची तिला शपथ आहे. दर्शनी भागाने राजधानीशी स्पर्धा केली आणि भिंतीने गावाची लाज राखली. दोन्ही एकाच बांधकामात आहेत. मला विचाराल तर दर्शनी भागापेक्षा ही पोकळी मोठी कला आहे. हिच्यात अभिमान नाही, माणसाची जाण आहे.

थोडे चुन्याविषयी बोलले पाहिजे, कारण या वास्तूंचे जगणे-मरणे त्यावर आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेवर कठीण होतो. पण तो सच्छिद्र. गोव्याचा पाऊस वर्षानुवर्षे थेट अंगावर घेतला तर तो झिजतो. म्हणून जुने गवंडी त्याला चुन्याचा गिलावा देत आणि वर पांढरी सफेदी करत. हा साज नव्हे, हा रेनकोट. जुन्या गोव्यातले बॉम जीझसचे चर्च आज लाल दगडाचे दिसते आणि लोक त्याला ‘किती प्राचीन दिसते!’ म्हणून वाखाणतात. मुळात तेही गिलाव्याचे होते. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुज्ञ बाल्ताझार कास्त्रु याने जुनेपणाच्या हौसेने गिलावा उतरवला, आणि तेव्हापासून तो दगड उघडा पाऊस खातो आहे. जुन्याचे कौतुक करणाऱ्या माणसाने जुन्याची केलेली ही हानी! आमच्याकडे नेमके उलटे होते. आमच्याकडच्या जुन्या दगडी देवळांना भाविक मंडळी ऑइलपेंट फासतात, भगवा आणि पोपटी, आणि दगडाचा श्वास बंद करतात. एकाने अंगरखा काढून घेतला, दुसऱ्याने रबराचा कोट चढवला. तळावलीच्या गावाने मात्र साधी गोष्ट केली, चुना दिला. कुठे पोपडे सुटले आहेत, मनोऱ्याच्या खाचांत शेवाळ हिरवे झाले आहे. ते खरवडून पुन्हा चुना द्यावा, सिमेंट लावू नये, एवढेच मागणे मागावेसे वाटते.

मार्कंड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या मुख्य देवळाच्या शिखराचे दगड दुरुस्तीसाठी उतरवले गेले आणि मग काम रखडले. माझी बहीण तिच्या शेवटच्या खेपेला गेली तेव्हा दगड आवारात जमिनीवर मांडून ठेवले होते आणि देवळाला लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता. विदर्भाचे खजुराहो म्हणून आम्ही ज्याचा मोठेपणा सांगतो, ते देऊळ! ती मला म्हणाली होती, ‘‘दादा, देवाचंच घर उघडं पडलं, तं तो मले का देईल गा?’’ मी तेव्हा हसण्यावारी नेले. तळावलीच्या भक्कम पांढऱ्या भिंतीपुढे ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले, आणि ती इतक्या दूरच्या, परक्या धर्माच्या दारात का उभी आहे हे थोडेसे कळले.

तळावलीत एक आख्यायिका सांगतात. चर्चचे काम चालू असताना गावात एक म्हातारी दिसली, डोक्याला टोपी, हातात काठी. कुठे निघालीस विचारले तर म्हणाली, इथे माझे घर बांधताहेत तिकडे. ती सांतान. गोष्ट अगदी आपल्याकडची वाटते. आपल्या ग्रामदेवताही अशाच म्हाताऱ्या होऊन वेशीवर येतात आणि जागा मागतात. सतराव्या शतकातल्या त्या कारागिरांना सिंहासनावरची राणी बांधायची नव्हती, एका आजीला घर द्यायचे होते, असे ही कथा सुचवते. आणि आजीच्या घरी नातवंडे मागायला जाणे यात विचित्र ते काय?

सणाच्या दिवशी मी दरवाजाजवळ उभा राहून छताची गोलाई वहीत उतरवत होतो. बायकांची रांग माझ्या अंगावरून पुढे जात होती. नऊवारीतल्या होत्या, फ्रॉकमधल्या होत्या, एक तर नवऱ्याच्या खांद्याला धरून चालणारी पोटुशी होती. तिचे तवसे बहुधा फेडीचे असावे. बहीण मधेच मागे वळून म्हणाली, ‘‘भिताडच पायत राह्यशील का?’’ मी हातानेच ‘तू हो पुढे’ म्हणालो. छताची रेघ जमत नव्हती. दालनाची लांबी आणि छताची उंची यांचे नाते पकडताना खोडरबर तीनदा फिरवला. ती परत आली तेव्हा तिची पिशवी रिकामी होती आणि डोळे पुसलेले होते. मी काही विचारले नाही. बाहेर पडलो तर पुन्हा पाऊस, वही शर्टाच्या आत घातली तरी वरचे दोन मजले पुसट झालेच.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी तिला चित्र दाखवले. मनोरे दाखवले, आडव्या पट्ट्या दाखवल्या, भिंतीतल्या वाटेविषयी सांगितले. तिने सगळे नीट ऐकले. मग म्हणाली, ‘‘आन् तिचा चेहरा कसा वाटला तुले? मले तं आपल्या आजीवानी वाटली.’’

मी वही मिटली. वेदीवरच्या सांतानकडे मी पाहिलेच नव्हते. भिंती पाहिल्या, छत पाहिले, चुना पाहिला. जिच्यासाठी हे सारे बांधले तिच्याकडे नजर गेली नाही. खोटे बोलावे असे क्षणभर वाटले. ‘‘नाही पाहिली गं,’’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग एवढ्या मोठ्याने हसली की पुढच्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. ‘‘पुढच्या वर्षी पाह्यजो,’’ ती म्हणाली, ‘‘दोघंही येऊ आपण.’’ मग थोडे थांबून, ‘‘नाही तं तिघं.’’